शेतकऱ्याची उपेक्षित सोबतीण : धामण

भाताची कापणी आटोपून पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या, अगर ज्वारी निघून कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या, की महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक प्रसंग हमखास घडतो. गंजीचा तळ हलविताना सहा-सात फूट लांबीचा, पिवळसर तपकिरी रंगाचा साप सळसळत बाहेर पडतो. ‘नाग, नाग’ असा एकच ओरडा होतो. हाती लागेल ती काठी, फावडे वा पहार घेऊन माणसे धावतात आणि काही क्षणांत साप निपचित पडतो. मग गावातील एखादा जाणता वृद्ध जवळ येऊन पाहतो व म्हणतो, “अरे, ही तर धामण!” बहुतेकांची खात्री पटते, काहींना हळहळही वाटते, परंतु तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. ज्या उंदरांच्या मागावर ती धामण त्या गंजीत शिरली होती, ते उंदीर मात्र गंजीतच राहतात.

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी माणसाच्या वस्तीशी व शेतीशी धामणीइतका निकटचा संबंध असलेल्या जाती थोड्याच. तरीही तिच्याविषयी खरी माहिती कमी आणि कल्पित कथा उदंड, अशी स्थिती आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली या सापाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. आज ‘प्टायस म्युकोसा’ या नावाने तो ओळखला जातो. पश्चिमेस इराण, अफगाणिस्तानपासून पूर्वेस दक्षिण चीन, तैवान आणि जावापर्यंत त्याचा विस्तार आहे. भारतात समुद्रकाठच्या खाजणांपासून हिमालयाच्या उतारांपर्यंत तो आढळतो. विदर्भातील कोरडवाहू शिवार असो, पश्चिम महाराष्ट्रातील उसाचे फड असोत किंवा कोकणातील भातखाचरे असोत, धामण नाही असा तालुका शोधणे कठीण आहे.

अंगलक्षणे

पूर्ण वाढलेली धामण साधारणतः पाच ते सात फूट लांब असते. आठ फुटांच्या धामणीही पाहावयास मिळतात. रंगावरून तिची ओळख करणे फसवे ठरते, कारण पिवळा, तपकिरी, राखाडी, हिरवट आणि जवळजवळ काळा अशा अनेक छटांत ती आढळते. कोरड्या माळरानावरील धामण फिकट, तर दाट झाडीतील धामण गडद, असा अनुभव अनेकांना येतो. मात्र काही खुणा कायम असतात. डोके निमुळते व मानेपेक्षा स्पष्टपणे वेगळे दिसते. डोळे मोठे असून बाहुली गोल असते. ओठांवरील खवल्यांच्या कडा काळ्या असल्यामुळे ओठांवर उभ्या काळ्या रेघा ओढल्यासारख्या भासतात. शरीराच्या मागील अर्ध्या भागावर आणि शेपटीवर काळसर, वेड्यावाकड्या पट्ट्यांची नक्षी असते. शेपूट लांब व शेवटी सुतळीसारखी बारीक होत गेलेली असते.

धामण हा दिवसा वावरणारा साप आहे. तिचे मोठे डोळे याच दिनक्रमाची साक्ष देतात. सकाळी ऊन अंगावर घेऊन ती शिकारीस निघते. जमिनीवर तिच्याइतका चपळ साप आपल्याकडे क्वचितच आढळेल. हिंदी भाषक भागांत तिला ‘घोडापछाड’ म्हणतात ते याचमुळे. ती झाडावर सहज चढते आणि उत्तम पोहतेही. माणसाची चाहूल लागताच पळून जाणे हा तिचा पहिला, आणि बहुतेक वेळा एकमेव, उपाय असतो. कोंडी झाली तर मात्र ती उलटते. मान बाजूने चपटी करून गळा फुगविते, शरीराचा पुढचा भाग उचलते, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि तोंड उघडून झेपावते. तिला विषदंत नाहीत. तिच्या दंशाने जखम होते, रक्त येते, परंतु विषबाधा होत नाही. दुर्दैव असे की, जीव वाचविण्यासाठी घेतलेला हा रुद्रावतारच तिच्या जिवावर उठतो. कारण फुगविलेला गळा घाबरलेल्या माणसाला नागाच्या फण्यासारखा दिसतो.

बिळात शिरणारी शिकारी

धामणीच्या आहारात बेडूक, सरडे, पक्षी, त्यांची पिले, वटवाघळे आणि प्रसंगी इतर लहान सापही असतात. लहानपणी ती मुख्यतः बेडकांवर जगते. बेडूक हा किडीचा शत्रू असल्याने धामणीने तो खाणे शेतकऱ्याच्या हिशेबात जमेच्या बाजूस मांडता येणार नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परसातील कोंबडीची लहान पिलेही ती कधीमधी उचलते. परंतु वाढ पूर्ण झालेल्या धामणीचे मोठे खाद्य म्हणजे उंदीर आणि घुशी, आणि तेथेच तिचे खरे महत्त्व आहे.

तिची शिकारीची रीत अजगरासारखी नाही. अजगर भक्ष्याला वेटोळे घालून आवळतो. नाग विषाने त्याला गतप्राण करतो. धामणीपाशी ही दोन्ही साधने नाहीत. ती भक्ष्य जबड्यात धरते, आपल्या अंगाच्या भाराने त्याला जमिनीवर किंवा बिळाच्या भिंतीवर दाबते आणि पुष्कळदा जिवंतपणीच गिळू लागते. मागे वळलेल्या दातांमुळे एकदा पकडलेले भक्ष्य सुटणे अवघड होते.

साप शीतरक्ताचा असल्याने त्याची भूक मर्यादित असते. एका पोटभर जेवणावर तो कित्येक दिवस काढू शकतो. उंदरांच्या संख्येचाच विचार केला तर गव्हाणी घुबडाचे जोडपे पिले वाढविण्याच्या काळात कोणत्याही धामणीपेक्षा अधिक उंदीर मारील. धामण सगळे उंदीर फस्त करते, असे सांगणारे तिचे उत्साही चाहते तिच्यावर उपकार करीत नाहीत. तिचा विशेष निराळा आहे. मांजर बिळाच्या तोंडाशी थांबते. घुबड उघड्यावर आलेला उंदीर टिपते. धामण बिळाच्या आत जाते. उंदराची मादी तेथेच वितें. तिचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेतात सहा-आठ पिले होणे ही सामान्य गोष्ट आहे. शेतातील घुशीने ओंब्या व कणसे तोडून साठविलेले धान्यही त्या बिळांतच असते. पिलांनी भरलेल्या बिळापर्यंत पोहोचणारा शिकारी शेतकऱ्याला दुसरा मिळणे कठीण.

विषारी आमिषे हा उंदरांवरील परिचित उपाय. झिंक फॉस्फाइडचे आमिष खाऊन काही उंदीर मेले की उरलेले उंदीर त्या आमिषाला तोंड लावीनासे होतात, हा अनुभव शेतकऱ्यांना व कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना नवा नाही. धामणीची अशी धास्ती उंदरांना कितीही वाटली, तरी तिच्या वाटेतून बीळ हलविता येत नाही.

उंदरांचा प्रश्न केवळ धान्याच्या नासाडीपुरता नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तिचे मूळ उंदीर व त्यांच्या अंगावरील पिसवा यांत होते. त्या साथीवरील लस शोधण्यासाठी आलेल्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या कार्यातून १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तीच पुढे परळची हाफकिन संस्था झाली. उंदरांनी पसरविलेल्या रोगासाठी निघालेल्या या संस्थेचे नाव पुढे सर्पविषावरील औषधाशी जोडले गेले आणि तेथेच काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले, हा योगायोग मोठा बोलका आहे. प्लेग आज विस्मरणात गेला असला, तरी उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस गेलेला नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ उसळली होती. कोकणातील भातलावणीच्या दिवसांत आरोग्य यंत्रणेला त्याबद्दल दरवर्षी सावध राहावे लागते.

दुधाची कथा आणि इतर समज

धामण गाईच्या मागील पायांना विळखा घालून सडाला तोंड लावते व दूध पिते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. एखाद्या दिवशी गाय कमी दूध देऊ लागली की दोष धामणीवर जातो. सापाच्या मुखाची रचना पाहिली तर ही कथा क्षणभरही टिकत नाही. दूध ओढून घेण्यासाठी लवचिक ओठ लागतात. ते सापाला नाहीत. त्याचे दात सुईसारखे अणकुचीदार व आत वळलेले असतात. अशा दातांची पकड सडावर बसली तर गाय स्वस्थ उभी राहील, ही गोष्ट गुरे पाळणाऱ्याला तरी पटू नये. दूध हे कोणत्याही सापाचे अन्न नव्हे. धामण गोठ्यात येते हे मात्र खरे आहे. गोठ्यात पेंड असते, भुसा असतो, वैरण असते. म्हणून उंदीर असतात, आणि उंदीर असतात म्हणून धामण येते. निरीक्षण खरे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा, असा हा प्रकार आहे.

तिच्या शेपटीला काटा असतो व शेपटीचा फटका बसलेला अवयव झडतो, ही दुसरी समजूत. शेपटीत ना काटा असतो ना विष. पकडलेली धामण शेपूट जोराने आपटते, एवढाच त्याला आधार. धामणीची दृष्ट लागून म्हैस मरते, असेही काही भागांत मानतात. या समजुतीने निदान म्हशीचे नुकसान होत नाही; धामणीचे होते.

सर्वांत रोचक समज तिच्या नावाच्या लिंगातून जन्मला असावा. मराठीत नाग पुल्लिंगी आणि धामण स्त्रीलिंगी. तेव्हा धामण ही नागाची मादी, असा संसार लोककल्पनेने थाटून दिला. वस्तुतः नागात नर व मादी दोन्ही असतात, तसेच धामणीतही असतात. या दोन जाती भिन्न कुलांतील असून त्यांचा संकर होत नाही. उलट, नाग संधी मिळाल्यास धामणीला खातो. गोवा व कर्नाटकाच्या सह्याद्रीत आढळणाऱ्या नागराजाचे तर धामण हे आवडते खाद्य आहे.

या कल्पनेला बळकटी देणारे एक दृश्य उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडावर दिसते. दोन साप दोरीच्या पिळाप्रमाणे एकमेकांभोवती गुंडाळलेले, अर्धे अंग उभारलेले, डुलत, कोसळत आणि पुन्हा उठत असतात. पाहणारे हात जोडतात. त्यांच्यावर नवे वस्त्र टाकल्यास भरभराट होते, असे मानणारेही आहेत. ही जोडी नाग-धामणीची नसते आणि नर-मादीचीही नसते. ते दोन्ही धामणच असतात आणि दोन्ही नर असतात. त्यांची ती कुस्ती असते. प्रतिस्पर्ध्याची मान खाली दाबण्याचा प्रयत्न दोघेही करतात. त्यात सहसा दंश नसतो. हरलेला नर निघून जातो व त्या परिसरावरील हक्क जिंकलेल्याकडे राहतो. प्रत्यक्ष मीलन जमिनीवर, आडोशाला, शांतपणे होते. त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

कातडीचा व्यापार

धामणीचा माणसाकडून झालेला सर्वांत मोठा संहार अज्ञानामुळे झालेला नाही. तो व्यापारामुळे झाला. मोठा आकार, गुळगुळीत खवले आणि सहज उपलब्धता यांमुळे तिच्या कातडीला पादत्राणे, पट्टे आणि पिशव्या यांसाठी परदेशात मागणी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातून सापांची कातडी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. तामिळनाडूतील इरुळा या आदिवासी जमातीची अनेक कुटुंबे साप पकडून व्यापाऱ्यांना कातडी विकण्यावर गुजराण करीत. कातडीमागे त्यांच्या हाती पडणारे मोल अल्प, आणि मोठा नफा पुढील दुकानदाराचा, हे निराळे सांगावयास नको.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला आणि १९७६ साली सापांच्या कातडीच्या निर्यातीवर पूर्ण बंदी आली. धामण वाचली, परंतु इरुळांची चूल विझण्याची वेळ आली. या दुसऱ्या प्रश्नाकडे शासनाचे व समाजाचे लक्ष वेधण्याचे श्रेय रोम्युलस व्हिटेकर यांना द्यावे लागेल. त्यांच्या प्रयत्नाने १९७८ साली इरुळा सर्पपकड सहकारी संस्था स्थापन झाली. साप मारण्याऐवजी विषारी साप परवान्याने पकडावयाचे, त्यांचे विष काढावयाचे, ते औषध निर्माण करणाऱ्यांना पुरवावयाचे आणि सापांना पुन्हा रानात सोडावयाचे, अशी तिची पद्धत आहे. निर्बंध घालणाऱ्या प्रत्येक कायद्यामागे रोजगाराचा असा विचार झाला असता, तर पुष्कळ कायद्यांची अंमलबजावणी सुकर झाली असती. धामणीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही आज ‘साइट्स’ या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

सापाला मारणे, पकडून बाळगणे किंवा त्याचा खेळ करणे हा या अधिनियमाखाली गुन्हा आहे. सध्या धामणीला अधिक धोका आहे तो मात्र निराळ्या गोष्टींचा: रुंद झालेले रस्ते, बांधावरील झुडपे जाळून बांध साफ करण्याची वाढती प्रथा, आणि परसबागेभोवती लावलेली नायलॉनची जाळी. जाळीत डोके घातलेली धामण खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाही व उन्हात तडफडून मरते. जाळी जमिनीपासून थोडी वर बांधली किंवा तिच्या जागी कुडाचे कुंपण घातले, तर हे टळते.

ओळखीतील धोका

धामण बिनविषारी आहे, हे शाळांतून शिकविले जाते व ते योग्यच आहे. परंतु या शिकवणीला एक दुसरी बाजू जोडणे शिक्षकांच्या हाती आहे. धामण म्हणून नाग हाती धरल्यास, किंवा कवड्या समजून मण्यार उचलल्यास, दुरुस्तीला वेळ मिळत नाही. नाग नेहमीच फणा काढतो असे नाही. फणा मिटलेला, गवतातून सरपटणारा नाग आणि धामण यांतील फरक संधिप्रकाशात सरावलेल्या डोळ्यालाही चकवू शकतो. बिनविषारी सापांची ओळख मुलांना द्यावयाची ती त्यांनी साप मारू नये म्हणून. त्यांनी तो धरावा म्हणून नव्हे.

या सावधगिरीमागे मोठे कारण आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. मृतांत बहुतांश ग्रामीण भागातील होते आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाच्या विषबाधेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्रातील बहुतेक मृत्यूंना नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार साप कारणीभूत असतात.

म्हणून चावलेला साप धामणच होता अशी कोणाची कितीही खात्री असली, तरी रुग्णाला रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, तोंडाने रक्त ओढू नये, दोरीने अवयव करकचून बांधू नये. चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवून, रुग्णाला न चालविता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने अगर मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. दंश खरोखर धामणीचा असेल तर जखम धुणे आणि धनुर्वाताची सुई एवढ्यावर भागते. विषबाधेची लक्षणे नाहीत हे पाहून डॉक्टरच तसा निर्णय देतात. मांत्रिकाकडून ‘उतरलेले’ विष पुष्कळदा धामणीसारख्या सापाचेच, म्हणजे मुळात नसलेलेच, असते. मांत्रिकाची कीर्ती अशा रुग्णांवर वाढते आणि नागाचा दंश झालेला पुढचा रुग्ण त्या कीर्तीपायी मौल्यवान तास गमावतो.

घरात अथवा शाळेत धामण शिरल्यास मुलांना दूर करावे, तिला बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी आणि लांबून लक्ष ठेवावे. बहुधा ती आपणहून निघून जाते. न गेल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील सापांची नोंद घेताना धामण कोठे, कोणत्या महिन्यात दिसते, हे लिहून ठेवल्यास गावाला उपयोगी पडेल अशी माहिती जमा होते.

अंडी आणि पिले

धामणीची मादी उंदरांची जुनी बिळे, वारुळे, झाडाच्या ढोली किंवा पालापाचोळ्याचा ढीग अशा उबदार व दमट जागी अंडी घालते. एका वेळी साधारणतः सहा ते अठरा अंडी असतात. ती कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नसून चिवट कातडी कवचाची असतात. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. जन्मतःच ती सव्वा-दीड फूट लांब असून स्वतःचे भक्ष्य स्वतः मिळवितात.

शेणखताचा उकिरडा उपसताना किंवा बांध नीट करताना अशी अंडी पुष्कळदा सापडतात. ती कोणत्या सापाची हे अंड्यावरून सांगण्याचा प्रयत्न करू नये आणि ती हातातही घेऊ नयेत. सापाच्या अंड्यातील गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटलेला असतो. अंडे उलटे झाले तर तो आतच दगावू शकतो. अंडी होती तशीच ठेवून त्यांवर पुन्हा माती व पाचोळा ओढावा आणि तेवढा भाग सोडून पुढचे काम करावे.